थट्टेची परतफेड

एप्रिल संपत आला होता. मोहफुलं वेचून झाली होती आणि तेंदूपत्ता सुरू व्हायला अजून आठवडा होता. त्या मोकळ्या दिवसांत आमच्या गावच्या वाचनालयानं जुने सिनेमे दाखवायचं ठरवलं. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातलं. शाळेच्या मैदानात दोन बांबू, मधे पांढरी चादर, आणि समोर अर्धं गाव. पहिलाच सिनेमा लावला १९६८ चा 'पडोसन'. शेंडीवाला मद्रासी गाणं-मास्तर पडद्यावर आला, त्यानं तोंड उघडलं आणि मैदानातली शंभरेक डोकी एकदम मागे वळली. मागे खुर्चीवर आमच्या बँकेचे मॅनेजर बसले होते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचे. वय तिशीच्या आत, गावात येऊन दोन वर्षं झालेली, पीककर्जाची फाइल स्वतः वाचणारा माणूस. डोकी वळली तसे ते हसले. पण सगळ्यांच्या अर्धा सेकंद उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर दोन तट पडले. ब्रह्मपुरीला कॉलेजात जाणारी पोरं म्हणत होती, असले सिनेमे दाखवायचेच कशाला, ते सीन तरी कापा. माझ्या वयाचे लोक म्हणत होते, आमच्या वेळी कोणाला काही वाईट वाटत नव्हतं, आता तुम्हालाच सगळं टोचून राहिलं. आणि मॅनेजर साहेब तर स्वतः हसले! अर्धा तास वाद झाला तो एवढ्या एका गोष्टीवर, की साहेबांचं मन दुखावलं की नाही. साहेबांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'नाही नाही सर' म्हणाले असते. ज्या गावात रोज शंभर लोकांशी काम आहे, तिथं बदलीवर आलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आपल्याकडे हा वाद गेली काही वर्षं याच चिखलात रुतला आहे. एक बाजू भावना दुखावल्याचं सांगते, दुसरी बाजू भावना फार नाजूक झाल्याचं सांगते. दोघांचं भांडण एकाच खुंट्याला बांधलेलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुने सिनेमे कापू नयेत, बंदही करू नयेत, पुरे दाखवावेत. पण त्यातली थट्टा निर्मळ होती, हे सांगणंही थांबवावं. आणि थट्टा निर्मळ की मळकी, हे ठरवायला कोणाच्या मनात शिरायची गरज नाही. एवढंच पाहावं, की ज्याची थट्टा केली त्याला ती परत करता येत होती काय.

हे माप मी कुठल्या पुस्तकातून आणलेलं नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे झडत्या, म्हणजे एकमेकांवर टाकायच्या थट्टेच्या ओळी, सुरू होतात. एकानं पाटलाच्या कंजूषपणावर झडती टाकली की पाटलाच्या बाजूचा एखादा त्याच्या मरतुकड्या बैलावर टाकतो. मग सावकारावर पडते, सरकारवर पडते, जावयावर पडते, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'हर बोला हर हर महादेव'. लग्नात विहिणीवर गाणी म्हणतात, त्यात तिच्या नाकापासून तिच्या भुकेपर्यंत काही सोडत नाहीत. ऐकणारी विहीण रागावत नाही, कारण पुढच्या वर्षी तिच्या लेकीच्या मांडवात ती गाणारीच्या बाजूला असणार. आमच्याकडे थट्टा उसन्या पिठासारखी चालते. वाटीभर नेलं की वाटीभर परत यायचं. ज्याच्या घरून वाटी परत येण्याची सोयच नाही त्याच्याशी आपण थट्टेचं नातं ठेवत नाही. त्याची फक्त टिंगल करतो. टिंगल आणि थट्टा हे दोन शब्द आपल्या भाषेनं उगीच वेगळे ठेवलेले नाहीत.

पडद्यावर उलटी झडती टाकता येत नाही. तिरुनेलवेलीतल्या माणसाला १९६८ साली सिंदेवाहीच्या तंबू टॉकीजमध्ये येऊन 'मी असा नाही' म्हणता येत नव्हतं, आणि सिंदेवाहीच्या माणसाला तो तसा नाही हे कळायला दुसरं साधन नव्हतं. माझा जन्म १९६३ चा. पहिला तमिळ माणूस प्रत्यक्ष भेटला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, नागपूर स्टेशनच्या फलाटावर. पण त्याआधी दहा वर्षं मला 'मद्रासी' पक्का माहीत होता. तो कसा बोलतो, काय नेसतो, कपाळाला काय लावतो, रागावला की काय ओरडतो, सगळं. हसू आलं ही गोष्ट लहान आहे. त्या हसण्यातून मला एक माहिती मिळाली, ती खोटी होती, आणि ती तपासायची सोय माझ्या पंचक्रोशीत नव्हती, ही गोष्ट मोठी आहे.

यात आणखी एक गंमत आहे. गंमत कसली, लाजच. दाक्षिणात्य भाषा आमच्या कानाला परकी नव्हती. चंद्रपूर जिल्ह्याची खालची कड तेलंगणाला लागून आहे. गडचिरोलीतल्या सिरोंच्यात घराघरांत तेलगू बोलतात. बल्लारपूरच्या कोळसा खाणींत आणि पेपर मिलमध्ये तेलगू कामगारांच्या पिढ्या गेल्या. माझे मामा बल्लारपूरचे. त्यांच्या भिंतीपलीकडचं घर तेलगू, तिथून येणाऱ्या आंब्याच्या तिखट लोणच्यासाठी आम्ही पोरं उन्हाळ्याची वाट पाहायचो. तरी पडद्यावरच्या मास्तरला हसताना आम्हाला ते घर कधी आठवलं नाही. तो मद्रासी, हे आपले शेजारी! सिनेमानं चार भाषांचा काला करून एक बोली बनवली होती, जी मद्रासपासून मंगळूरपर्यंत कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. भाषावार राज्यं झाली १९५६ साली. आंध्र, केरळ, म्हैसूर नकाशावर वेगळे दिसू लागले होते. पडद्यावर मात्र बारा वर्षांनंतरही विंध्याच्या खाली एकच माणूस राहत होता.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. मेहमूद मोठा नट होता. त्या मास्तरच्या भूमिकेत त्यानं जीव ओतला आहे, तिरस्कारानं एवढं बारीक काम होत नाही. मन्ना डेंनी त्याच्यासाठी जे गायलं ते आजही ऐकताना मान डोलते. सिनेमा बनवणाऱ्यांच्या मनात तमिळ माणसाविषयी काही विष होतं, असं मला वाटत नाही. पण सिनेमाची गोष्ट काय आहे, हे हसणं बाजूला ठेवून पाहा. गाण्याची आवड असलेली एक मुलगी. तिला गाणं शिकवणारा मास्तर, ज्याला खरंच गाता येतं. समोरच्या खिडकीत नायक, ज्याला सूर लागत नाही. मित्र मागे लपून गातो, नायक पुढे ओठ हलवतो, मुलगी फसते. म्हणजे खरा गाणारा हरतो, लबाड जिंकतो आणि आपण टाळ्या वाजवतो. कशामुळे? खऱ्या गाणाऱ्याला शेंडी आहे आणि त्याचं हिंदी मोडकं आहे म्हणून. त्याच जागी मास्तर बनारसचा असता आणि लबाड नायक मदुराईचा असता, तर हीच गोष्ट विनोदी राहिली असती काय? थट्टेनं इथं नुसतं हसवलं नाही, न्याय-अन्याय उलटा करून दिला. मी हा सिनेमा दहा वेळा पाहिला असेल. अकराव्या वेळी, मॅनेजर साहेबांकडे डोकी वळली तेव्हा, मला हे दिसलं. सिनेमा कापला असता तर तेही दिसलं नसतं.

दुसरा आक्षेप: तो काळ वेगळा होता. ही ढाल सगळेच पुढे करतात. ठीक, काळ पाहू. १९६५ च्या जानेवारीत हिंदीच्या प्रश्नावर मद्रास राज्य पेटलं, माणसं मेली. १९६७ ला त्याच लाटेवर तिथं काँग्रेसची सत्ता गेली आणि द्रमुकचं सरकार आलं. १९६८ च्या जानेवारीत अण्णादुराईंच्या सरकारनं शाळेत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा राहतील असा ठराव केला. आणि त्याच १९६८ साली हिंदी पडद्यावर तमिळ माणसाचं मोडकं हिंदी हा विनोद झाला. काळ वेगळा होता तो असा! हिंदी ही जेव्हा त्या माणसाची सर्वांत दुखरी जागा होती त्याच सुमारास तीच जागा दाबून देशाला हसवलं गेलं. 'तेव्हा कोणाला वाईट वाटत नव्हतं' याचा अर्थ इतकाच, की ज्याला वाटत होतं तो आपल्या टॉकीजमध्ये नव्हता.

आणि आपल्याच मुंबईत काय चाललं होतं? १९६६ साली शिवसेना निघाली. 'मार्मिक'मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या, 'वाचा आणि थंड बसा' अशा मथळ्याखाली. मराठी पोरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या हा प्रश्न खरा होता, तो नाकारत नाही. पण त्या रागाला शब्द कुठले मिळाले? 'यंडुगुंडू'. 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'. लुंगी आणि न कळणारी बडबड, म्हणजे विनोदाची जी दोन खेळणी होती तीच चळवळीची दोन हत्यारं झाली. सिनेमामुळे उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले, असं मी म्हणणार नाही. इतकं सरळ काही नसतं. पण दगड उचलणाऱ्याला समोरच्याचं नाव, गाव, लेकरंबाळं दिसू नयेत यासाठी जे लागतं ते आधीच तयार होतं, आणि ते हसत हसत तयार झालं होतं.

अमेरिकेतलं उदाहरण याहून उघडं आहे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला काळं फासून 'जिम क्रो' नावाचं काळ्या माणसाचं सोंग करू लागला. लोक पोट धरून हसत. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्यांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ असं बांधून टाकणारे कायदे केले, त्यांना लोकांनी नाव दिलं जिम क्रो. विनोदी पात्राचं नाव कायद्याला पडलं आणि ते कायदे १९६० च्या दशकापर्यंत चालले. तिथंही 'काळ वेगळा होता' म्हणतात. पण १९१५ साली काळ्यांना राक्षस दाखवणारा मूकपट आला तेव्हा त्यांच्या संघटनेनं तेव्हाच निदर्शनं केली होती. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल या काळ्या नटीला 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा समारंभात तिला बाकीच्या नटांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्या टेबलावर बसून तिला काळ वेगळा आहे असं वाटलं असेल काय?

तिसरं म्हणणं मला सगळ्यांत वजनदार वाटतं. सगळ्यांचीच थट्टा होत होती ना! सरदार, पारशी, मारवाडी, भय्या, गोव्याचा दारुडा, आणि आपली मराठी माणसंसुद्धा. हिंदी सिनेमात मराठी बाई म्हणजे धुणंभांडीवाली आणि मराठी पुरुष म्हणजे हवालदार. सगळ्यांना एकाच काठीनं हाकलं, मग तक्रार कसली? एवढा मोठा देश, एकमेकांना ओळखायची दुसरी काही सोय नव्हती, त्यानं हसत हसत ओळख करून घेतली, असंही कोणी म्हणतं. यात तथ्य आहे. पण यादी नीट पाहा. त्या यादीत कोण नाही? ज्याच्या बोलीला बोली म्हणतच नाहीत, नुसती 'भाषा' म्हणतात, तो नाही. नायक नाही. नायकाला प्रांत नसतो, आडनाव असलं तर ते कुठेही चालणारं असतं. सगळ्यांची थट्टा होत होती हे खरं, पण थट्टेचा मक्ता एकाकडेच होता. गावात असं असतं तर आपण त्याला झडती म्हटलं नसतं.

आणि मराठी माणसाला हे कळायला हवं, कारण त्याला हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. हिंदी सिनेमातली बाई पाहून आपण चिडतो आणि पुढच्या रीळात मद्रासी आला की हसतो. आम्हा विदर्भवाल्यांना तर तिसरी बाजूही माहीत आहे. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, नागपूर त्याची राजधानी होती, हिंदीचा शेजार शतकांचा, म्हणून आमचं क्रियापद जरा वेगळं चालतं. मराठी सिनेमा-नाटकानं त्या बोलीला बराच काळ एकच नोकरी दिली. बावळट शिपाई. मी १९८३ साली शिकायला पुण्याला गेलो. होस्टेलात पहिल्याच रात्री कोणीतरी हाक मारली, मी खोलीतून ओरडलो, 'जेवून राहिलो!' बाहेरून उत्तर आलं, 'जेवून कुठे राहिलास?' सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो. अर्धा सेकंद उशिरा. त्या अर्ध्या सेकंदात माणूस काय करतो ते मला माहीत आहे. तो हिशोब करतो. रागावलो तर वर्षभर एकटा पडेन, हसलो तर निदान यांच्यात बसेन. मग हसतो. पुढची दोन वर्षं मी 'जेवतोय' म्हणायला शिकलो. सुट्टीत गावी आलो आणि आईसमोर चुकून 'जेवतोय' म्हणालो तेव्हा ती माझ्याकडे पाहतच राहिली. तेव्हा 'तो स्वतः हसला' हा पुरावा माझ्यासमोर कोणी ठेवू नये.

पण आमच्याकडे वाटी परत करायची सोय झाली, हेही सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव झाडीपट्टीची नाटकं घेऊन हिंडतात. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटे पडतो. तिथं पुण्याहून आलेला शिकलेला जावई 'अहो ऐकलंत का' करत आला की मांडव कोसळतो. टीव्हीवर भारत गणेशपुरेंनी अमरावतीकडची बोली आणली तेव्हा लोक बोलीला हसले नाहीत, त्यांच्या फिरकीला हसले. बोली तीच, पण दोर कोणाच्या हातात आहे त्यावरून सगळं बदललं. त्याच्याही आधी गाडगेबाबांनी काय केलं होतं? त्यांची कीर्तनं ऐका, ध्वनिमुद्रण आहे. अस्सल वऱ्हाडीत माणसं हसून हसून लोळत. पण हसू कोणावर होतं? समोर बसलेल्यांवरच. देवाला कोंबडं कापणाऱ्यावर, कर्ज काढून लग्न करणाऱ्यावर. आणि प्रत्येक प्रश्नाला समोरून उत्तर यायचं.

इथवर लिहिताना मी फार शहाणा वाटत असेन. म्हणून आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नव्वदच्या दशकात एका गावी होतो, निम्मी वस्ती गोंडांची. गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' बसवायचं ठरलं. कसं बसवायचं हे कोणाला विचारायची गरज वाटली नाही, सिनेमात पाहिलेलं होतं. खोबरेल तेलात काजळी कालवली आणि मी माझ्या हातानं बारा पोरांच्या अंगाला फासली. पळसाच्या पानांचे घागरे, डोक्याला कोंबड्याची पिसं, हातात बांबूचे भाले, गालावर चुन्याचे ठिपके. गाणं 'झिंगालाला'च्या वळणाचं, अर्थ नसलेलं. कार्यक्रम फार गाजला. गावातल्या बड्या लोकांनी बक्षीस म्हणून रुपये दिले.

पानांचा घागरा नेसलेला गोंड मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. तेव्हाही पाहिला नव्हता. माझ्या वर्गातल्या गोंड पोरांचे बाप धोतर-बंडी घालत, काही पँट घालत, माया लुगडं नेसत. शाळेमागे जो तलाव होता, ज्याच्या पाण्यावर आमच्या गावचा धान पिकायचा, तशा तलावांना गोंड राजांच्या काळापासूनचा इतिहास आहे. तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना त्यांनी जमिनी दिल्या. चंद्रपूरचा कोट गोंड राजांचा. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहानं, तो गोंड राजा. बाबुराव शेडमाकेंनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. हे सगळं मला माहीत होतं, चौथीला मीच शिकवत होतो. तरी काजळी कालवताना हात थांबला नाही. पाठ्यपुस्तकातला गोंड आणि सिनेमातला 'जंगली' डोक्यात वेगवेगळ्या खणांत बसले होते, आणि हसायची वेळ आली की नेहमी दुसराच खण उघडायचा. पुस्तक शिकवून जे होत नाही ते तीन मिनिटांचं गाणं करून जातं. म्हणून मला 'फक्त विनोद आहे' हे वाक्य सहन होत नाही. विनोदाइतकं पाठ होणारं दुसरं काहीच नसतं.

आणि थट्टेनं काय झाकलं जातं तेही पाहा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गोंड गावाची. सर्वसंमतीनं निर्णय घेणारी ग्रामसभा त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, २००६ चा वनहक्क कायदा वाचून दावा लावला, २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ ला स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना आपल्या हातात घेतला. कायद्याचं कलम न् कलम समजून सरकारशी बोलणारी ही माणसं हिंदी पडद्यावर नायकाला खांबाला बांधून भोवती नाचतात. पुढे शहरातला एखादा साहेब त्यांच्या दाव्याची फाइल उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात कोणता खण उघडतो?

आता कापाकापीकडे येतो, कारण पोरांची मागणी तीच होती. पोरांचा राग मला बरोबर वाटतो, उपाय चुकीचा वाटतो. पहिलं म्हणजे कात्री कोणाच्या हातात द्यायची? आज शेंडी कापाल, उद्या ज्याच्या मागे जास्त माणसं तो आपल्या जातीवरचा, आपल्या पुढाऱ्यावरचा प्रत्येक विनोद कापायला लावेल. ज्याच्या मागे माणसं नाहीत, त्याच्यावरचे विनोद तसेच राहतील. भावना दुखावण्याच्या बाजारात गोंडाचा भाव कधी वधारलेला पाहिला आहे काय? सरदारांवरच्या विनोदांवर बंदी घाला, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आखणं आमचं काम नाही, असं न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. मला ते पटतं. सिनेमाला प्रमाणपत्र देण्याच्या नियमांत कोणत्याही समूहाविषयी तुच्छता नको असं लिहिलेलं आहेच, पण तुच्छतेला विनोदाचा सदरा घातला की ती दारावरच्या माणसाला ओळखू येत नाही.

दुसरं, कापलेला सिनेमा खोटं बोलतो. तो सांगतो, आपण असे नव्हतोच. पंचनामा करायचा आणि मुद्देमाल जाळायचा, हे कसं चालेल? अमेरिकेत २०२० च्या जूनमध्ये 'गॉन विथ द विंड' एका कंपनीनं आपल्या यादीतून काढला होता. काही दिवसांतच परत आणला, पूर्ण, फक्त सुरुवातीला एका जाणकार बाईंचं छोटं भाषण जोडून. तेही सगळीकडे चालेल असं नाही. सिनेमा लावायच्या आधी आमच्या गावात कोणी भाषण सुरू केलं तर लोक बिडी प्यायला उठतात.

आम्ही काय केलं ते सांगतो. त्यातून फार मोठं काही झालं असं नाही. वाचनालयाच्या बैठकीत ठरलं की पुढचा सिनेमा मॅनेजर साहेबांनी निवडायचा. त्यांनी एक जुना तमिळ सिनेमा आणला, त्यात उत्तरेकडचा एक व्याजबट्टा करणारा सेठ होता, पोट पुढे, बोलणं मोडकं तमिळ. खालच्या ओळी इंग्रजी, म्हणून साहेब स्वतः माइक घेऊन उभे राहिले आणि आपल्या मराठीत सांगत गेले. 'आता सेठ बोलून राहिला, के बाई, व्याज दे.' साहेबांचं 'बोलून राहिला' ऐकून मैदान जे हसलं, तसं सिनेमाला कोणी हसलं नव्हतं. ते आमच्या बोलीत आमचीच टिंगल करत होते आणि आम्हाला ते आवडत होतं. सेठला मात्र लोक जरा चाचरत हसले. गावात मारवाड्याचं एक दुकान आहे, दोन-चार डोकी तिकडे वळलीच. डोकी वळायची सवय एका रात्रीत जात नाही.

कार्यक्रम संपल्यावर चादर सोडायला एक जण आला. माझा जुना विद्यार्थी, आता वनरक्षक. काजळीवाल्या गॅदरिंगच्या साली तो पाचवीत होता. मी त्याला म्हटलं, त्या नाचाचं मला आता वाईट वाटतं. तो दोरीची गाठ सोडवत म्हणाला, 'गुरुजी, मले तर तुमी त्या नाचात घेतलंच नवतं.' मला आठवेना. 'तुमी म्हनले, तुले स्टेपा जमत नाही.' रात्र रात्र रेला हा गोंडी नाच नाचणाऱ्या घरातलं पोरगं. आदिवासी नाचात त्याला स्टेपा जमत नाहीत म्हणून मी बाहेर बसवलं होतं.

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि एक चित्रफीत लावली. धानोऱ्याकडच्या पोरांनी केलेली, चार मिनिटांची, गोंडीत. त्यात एक गुरुजी आहे. बगलेत हजेरीपट, डोळ्यांवर चश्मा, झाडाखाली वर्ग. तो पोरांना गोंडीत काहीतरी सांगतो आणि पोरं लोळतात. माझा विद्यार्थीही हसायला लागला. मी पडद्याकडे बघत राहिलो, मग विचारलं, काय म्हणतो तो. त्यानं सांगितलं, 'बसा' म्हणायचं सोडून तो भलतंच म्हणून राहिला. म्हणजे काय, मी विचारलं. त्यानं पुन्हा समजावून सांगितलं, हळूहळू, शाळेत मी त्याला भागाकार समजावायचो तसं. तेहतीस वर्षं त्या गावांत शिकवूनही मला गोंडी येत नाही.